मास्तरांचा गुडघा आणि वकिलांचे बूट

बूटमास्तरांचा उजवा गुडघा दुखायला लागला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांच्या मेहुण्याला झाला.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हे. पण त्याने आदल्या वर्षी स्वतःचा गुडघा बदलून घेतला होता आणि तेव्हापासून त्याला जिकडे तिकडे बदलण्याजोगे गुडघेच दिसत. नवी गाडी घेतलेला माणूस दुसऱ्याला गाडी ढकलताना बघून हळहळतो आणि हळहळता हळहळता आपल्या गाडीची किल्ली बोटावर फिरवतो, तशातली गत.

"बदलून टाका, भाऊजी," मास्तरांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसत तो म्हणाला आणि पँटवरूनच आपल्या गुडघ्यावर त्याने टिचकी मारली. "धातू आहे, धातू! आपण गेल्यावरसुद्धा हा राहणार."

"एकटाच मागं राहून करणार काय तो?" मास्तरांनी विचारलं.

मास्तर हसले खरे, पण त्या दिवसापासून ते मनाशी दुकानाचा हिशेब करायला लागले. दुकान चिंचोळं. पुढे काउंटर, काउंटरवर बायको, मागे मास्तर. मागच्या भिंतीला टाचा नि तळ घासायचं विजेचं चाक, आणि त्या चाकापुढे दिवसभर उभं राहायचं. बसून ते काम होत नाही. ऑपरेशन म्हणजे चार-सहा महिने उभं राहणं बंद, म्हणजे चाक बंद, म्हणजे दुकान बंद. आणि चौकात नवं लखलखीत बुटांचं दुकान निघालेलं. तिथले बूट इतके स्वस्त की टाच निघाली तर लोक टाचेसकट बूट फेकून देत. मास्तरांचं दुकान एकदा का चार-सहा महिने बंद राहिलं, की बूट दुरुस्तही होतात ही गोष्टच गावाच्या डोक्यातून जाईल, अशी त्यांना धास्ती होती. दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं, आणि आता नवं शिकायचं त्यांचं वय नव्हतं. तसं बायकोचं मत होतं की नवं शिकायचं त्यांचं वय कधीच नव्हतं.

आता मास्तरांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

नवा बूट चावतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. असे चावरे बूट घेऊन लोक मास्तरांकडे येत. "कुठं चावतो?" मास्तर विचारत. "डावीकडे, करंगळीपाशी." "ठेवून जा. दोन दिवसांनी या. आत मशीन आहे, त्यात मऊ होतात." दोन दिवसांनी बूट घेऊन जाताना गिऱ्हाईक थक्क व्हायचं. करंगळीपाशी चावणारा बूट नेमका करंगळीपाशीच सैल झालेला असायचा, बाकी सगळीकडे तस्साच घट्ट. गावात त्या मशीनचा मोठा बोलबाला होता. कोणी म्हणे ते परदेशी आहे, कोणी म्हणे वाफेवर चालतं.

ते मशीन म्हणजे मास्तर स्वतः.

ते बूट ते पायात घालायचे. लागले तर दोन मोज्यांवर. आणि मग घर ते दुकान, दुकान ते घर, बाजार, बँक, सगळीकडे ते बूट चालवायचे. नुसते नव्हे, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या जागी नेमका भार देऊन. करंगळीला चावत असेल तर पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायचं. अंगठ्याला चावत असेल तर गुडघे आत झुकवून. टाचेला चावत असेल तर संचलनाला निघाल्यासारख्या टाचा आपटत. कपाटावर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे होते, त्यांवरही बूट ताणता येतो. पण मास्तरांचा लाकडावर भरवसा नव्हता. "लाकडाला काय कळतं चावणं?" ते म्हणत.

स्वतःचे असे बूट मास्तरांकडे नव्हतेच. कधी गरजच पडली नाही. गावातले उत्तमोत्तम बूट त्यांच्या पायांतून जात होते. संध्याकाळी बायको आधी घरी जायची, खिडकीतून नवऱ्याची वाट बघायची आणि दुरूनच ओळखायची. "आज स्टेशनमास्तर दिसतायत!" ती वरून ओरडायची. दुसऱ्या दिवशी, "अगंबाई, आज कोण? भारीच फेंगडं चाललंय!" नवऱ्याची स्वतःची चाल कशी होती, ते ती केव्हाच विसरून गेली होती.

आणि गुडघा का दुखतो, याचा विचार दोघं नवरा-बायको महिनोन्‌महिने करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गादी बदलून झाली. झोपायची कूस बदलून झाली. बायकोने तेल चोळलं, शेजारणीने मीठ शेकायला सांगितलं, मेहुण्याने धातू सुचवला. बुटांचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. माशाला पाण्याचा संशय येत नाही.

शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी, म्हणजे सर्दी-खोकल्यापासून सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी, सांगितलं, "अहो, मोठ्या शहरात कशाला जाता? आपल्या विभागाच्या दवाखान्यात आता हाडांचे आणि खेळाडूंच्या दुखापतींचे डॉक्टर आलेत. बसने जाता येतं. आधी तिथं दाखवा, मग मेहुण्याचं ऐका."

मास्तरांना पहिला दिलासा मिळाला तो हा. मोठ्या शहरात जायचं म्हणजे त्यांच्या मते माणूस जाताना दोन पायांवर जातो आणि येताना काय घेऊन येईल त्याचा नेम नाही. बसने जाऊन चहाच्या वेळेला घरी परत येता येतं, अशा ठिकाणी फार वाईट काही होऊ शकत नाही, असा त्यांचा हिशेब.

दवाखाना बस थांब्यासमोरच होता. बैठी पिवळी इमारत, लांब व्हरांडा, आणि काचेमागे एक स्वागतिका, जिने मान वर न करता विचारलं, "खेळ कोणता?"

"कसला खेळ?"

"तुम्ही कोणता खेळता? खेळाडूंच्या डॉक्टरांकडे नाव लागलंय तुमचं."

"अहो, मला हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"त्या दोन्ही बघतात. खेळ सांगा, त्याशिवाय पुढं जात नाही हे."

मास्तर हताश होऊन बायकोकडे बघायला लागले. बायको पुढे झाली. "बुद्धिबळ," ती म्हणाली. "शेजाऱ्यांबरोबर. आणि तेही हरतात."

"खेळताना लागलं का?"

"लागतं, पण मनाला."

बाहेरच्या बाकांवर सगळी खेळाडू मंडळी होती. अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी एक मुलगी घोट्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. फुटबॉल खेळणारे दोघे जण एकमेकांना आपापल्या जखमा कौतुकाने दाखवत होते. आपल्यासारख्या चाकापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाने इथे नुसतं बसणं म्हणजे फुकट जेवायला बसण्यासारखं आहे, असं मास्तरांना वाटायला लागलं. शेजारी साठीच्या पुढच्या एक सडसडीत बाई होत्या. त्यांनी आपुलकीने विचारलं, "तुमचं अंतर कोणतं?"

"घर ते दुकान," मास्तर म्हणाले.

"रोज?"

"रोज. जाऊन येऊन."

"हेच महत्त्वाचं बघा. अंतरापेक्षा सातत्य."

मास्तरांची मान जरा ताठ झाली. बायकोने दुसरीकडे तोंड करून पदराआड हसून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस बारीक कापलेले, चालणं असं की आत्ता कुठूनतरी उडी मारून आल्या आहेत. त्यांनी मास्तरांना टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी इकडून तिकडे हलवून बघितली. "इथं दुखतं? इथं? आणि जिना उतरताना?" मास्तर प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते आणि प्रत्येक "हो"बरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाचं एक-एक फळकूट बंद होत होतं. मग एक्स-रे झाला. बाईंनी तो उजेडापुढे धरला.

"काका, गुडघा छान आहे."

"काय आहे?"

"छान आहे. वयाच्या मानाने हाडं उत्तम. बदलायबिदलायचं काही कारण दिसत नाही मला."

"मेहुणा म्हणत होता—"

"ते डॉक्टर आहेत का?"

"नाही, त्यांचा गुडघा आहे," बायको म्हणाली.

मास्तरांच्या छातीवरून जातं उतरल्यासारखं झालं. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. हाड चांगलं असेल तर दुखतं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी मास्तरांना शेजारच्या खोलीत नेलं. तिथे चालायचं मशीन होतं, ज्याचा पट्टा खालून सरकतो आणि माणूस जागच्या जागी मैलभर जातो. मागे छोटा कॅमेरा.

"तुमच्या नेहमीच्या बुटांतच चाला, म्हणजे नेहमीची चाल दिसेल," बाई म्हणाल्या. "बूट कसे वापरता? झिजलेले वगैरे?"

"छे छे, मॅडम. रोज नवे."

"रोज नवे?"

"अगदी रोज," बायकोने ग्वाही दिली. "जुना जोडा पायात दिसायचा नाही."

असा रुग्ण आपल्याला पहिल्यांदाच मिळाला, असं बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पट्टा सुरू केला.

त्या दिवशी मास्तरांच्या पायांत शाळेच्या हेडमास्तरांचे तपकिरी बूट होते. चावरेपणा करंगळीपाशी. पट्टा पायाखाली सरकायला लागला आणि मास्तरांना एकदम साक्षात्कार झाला, की एवढी सपाट, एवढी सलग, खड्डा नाही, दगड नाही, सायकलवाला नाही अशी वाट आपल्याला जन्मात मिळालेली नाही. अशी संधी वाया घालवणारा कारागीर तो कसला? त्यांनी पायाच्या बाहेरच्या कडेवर भार दिला आणि जीव ओतून चालायला लागले.

"तुम्ही बाहेरच्या कडेवर फार भार देता," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"दिसतं ना?" मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची कोणी दखल घेतली नव्हती.

बाईंनी व्यायाम शिकवले, ते घरी नेमाने करायला सांगितले आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं. बसमधून घरी जाताना मास्तरांनी बायकोला दोनदा विचारलं, "बदलायचा नाही म्हणाल्या ना?" तिने दोन्ही वेळा सांगितलं, "नाही म्हणाल्या. आता खिडकीबाहेर बघा." हेडमास्तरांना बूट दुसऱ्या दिवशी मिळाले आणि मशीन यावेळी फारच छान चाललंय, असं ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी मास्तर परत गेले तेव्हा त्यांच्या पायांत वकीलसाहेबांचे काळे बूट होते. टोकाला निमुळते, कोर्टात शोभतील असे. चावत होते आतल्या बाजूला, अंगठ्यापाशी. मास्तर पट्ट्यावर चढले आणि गुडघे आत झुकवून चालायला लागले.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मागचं चित्रण लावलं. मग आजचं. मग दोन्ही शेजारी शेजारी. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, हे बघा. मागच्या वेळी पाय बाहेर पडत होता, आज आत पडतोय. तीन आठवड्यांत माणसाची चाल अशी उलटी होत नाही. मला हे बरं वाटत नाही."

"म्हणजे?"

"कंबरेत एखादी नस दबत असेल तर पायावरचा ताबा असा बदलू शकतो. मणक्याची तपासणी करावी लागेल, त्यासाठी मोठ्या शहरात पाठवते. आणि तिचं उत्तर येईपर्यंत उभं राहून काम बंद. पुढं काय करायचं ते त्यानंतर ठरवू. कदाचित ऑपरेशनही असेल. आत्ताच सांगता येत नाही."

व्हरांड्यातल्या बाकावर नवरा-बायको येऊन बसले. आत बाई शहरातल्या दवाखान्याला फोन लावत होत्या. मास्तरांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, काळ्या पॉलिशने भेगा भरलेले. त्या हातांकडे बघत म्हणाले, "चाक विकलं तर कोणीतरी घेईल. पट्टा नवा आहे त्याचा."

बायकोला या जन्मात उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. ती गप्प बसली. ती गप्प बसली हे बघून मास्तर खरे घाबरले.

एवढ्यात समोरून वकीलसाहेब आले. त्यांच्या कोपराला पट्टा होता. टेनिसची रॅकेट त्यांनी आयुष्यात धरली नव्हती, पण न्यायाधीशांपुढे टेबलावर हात आपटून आपटून त्यांना टेनिसवाल्यांचं कोपर झालं होतं. "अरे, मास्तर! तुम्ही इथं?" ते म्हणाले आणि त्यांची नजर खाली गेली. आणि खालीच राहिली.

"मास्तर, हे बूट..."

"नमस्कार, वकीलसाहेब."

"हे बूट माझे आहेत."

"आपलेच."

"तुम्ही मला सांगितलंत, ते मशीनमध्ये आहेत."

मास्तरांनी एकदा स्वतःच्या पायांकडे बघितलं, एकदा वकिलांकडे. मन ठिकाणावर नसलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. "आहेत की," ते म्हणाले.

वकिलांना काही क्षण लागले. मग त्यांच्यातला वकील जागा झाला. "म्हणजे मशीन..."

"मीच."

"गेल्या हिवाळ्यातले माझे लांब बूट?"

"मीच."

"माझ्या सासऱ्यांचे?"

"त्यांना टाचेला चावत होते. दोन दिवस टाचा आपटत चाललो."

"आपटताना मी बघितलंय!" वकील ओरडले. "बाजारात! मला वाटलं, तुम्ही कोणावर तरी चिडलाय!"

"थांबा." हा आवाज डॉक्टरीणबाईंचा होता. त्या दारात उभ्या होत्या, हातात फोन तसाच. "टाच आपटत चाललात, म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दामच, मॅडम. त्याशिवाय टाचेपाशी सैल कसा होणार?"

बाई हळूच बाकावर येऊन बसल्या. लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काका, मागच्या वेळी तुमच्या पायांत कोणाचे बूट होते?"

"हेडमास्तरांचे."

"त्यांना कुठं चावत होते?"

"करंगळीला."

"आणि हे?"

"आम्हाला अंगठ्यापाशी," वकील म्हणाले. "आतल्या बाजूला."

"आणि माझ्या पट्ट्यावर चालताना तुम्ही..."

"आयती वाट होती," मास्तर ओशाळून म्हणाले. "म्हटलं, वाया कशाला घालवा? रस्त्यावर इतकं सपाट कुठं मिळतं?"

बाईंनी फोन कानाला लावला, "नंतर करते," म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत की काय अशी मास्तरांना भीती वाटली, पण त्या हसत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मला सांगायचं नाही का हो?"

"तुम्ही विचारलंत, बूट कसे वापरता. मी सांगितलं, रोज नवे."

"साक्ष खरी आहे," वकील गंभीरपणे म्हणाले. "तिच्यात शोधूनही खोट सापडायची नाही."

आता बायकोचा आवाज परत आला, आणि थांबून राहिल्यामुळे दुप्पट जोराने आला. "दुसऱ्याच्या वहाणेनं विंचू मारणारे पुष्कळ बघितले मी! दुसऱ्याच्या बुटानं स्वतःचा गुडघा मारणारा हा एकटाच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला! आणि मी रात्रंदिवस तेल चोळतेय!"

"तू तर रोज खिडकीतून बघत होतीस," मास्तर पुटपुटले.

"बघत होते म्हणजे? मला काय माहीत, बघायचं ते हेच आहे?"

बाईंनी मास्तरांचे बूट काढायला लावले, मोजेही काढायला लावले, आणि अनवाणी परत पट्ट्यावर चढवलं. यावेळी वकील आणि बायको दोघंही दारात उभे होते.

"चाला."

मास्तर उभेच राहिले. "कुठं भार देऊ?"

"कुठंच देऊ नका."

"कोणाचं चालायचं मग?"

"तुमचं."

पट्टा सुरू झाला. मास्तर दोन-तीन पावलं हेडमास्तरांसारखे चालले, मग जरा स्टेशनमास्तर आले, मग वकील डोकावून गेले. "सोडून द्या," बाई म्हणाल्या. "समोर भिंतीकडे बघा. दुकानात आज काय काम आहे ते सांगा मला." मास्तर सांगायला लागले, की एका बुटाचा तळ सुटलाय, त्याला शिवण घालायचीय, एका लहान मुलीच्या चपलेचा पट्टा तुटलाय, तो आजच द्यायला हवा, शाळेत घालून जायची आहे तिला, आणि सांगता सांगता त्यांचे पाय एकमेकांशी बोलल्यासारखे एका लयीत पडायला लागले. किंचित लांब टांग. उजवा हात डाव्यापेक्षा जरा जास्त हलणारा.

दारातून बायको एकदम म्हणाली, "अगंबाई. हे असेच चालत यायचे आमच्याकडे. लग्न ठरलं तेव्हा."

तिला नीट दिसावं म्हणून वकील दारातून जरा बाजूला झाले.

बाई पडद्यावरून मागे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा स्वच्छ होता. "सरळ चाल. मणका नाही, नस नाही, शहर नाही. रोज वेगळ्या बाजूला वाकडं चालून मांडीचे आणि पोटरीचे स्नायू दमलेत, ते वाटीला इकडून तिकडे ओढतायत. बिचाऱ्या गुडघ्याला कळेना आज कोणाचं ऐकायचं. व्यायाम चालू ठेवा. बरा होणार हा."

"आणि ऑपरेशन?"

"कशाचं? वकिलांच्या बुटाचं?"

"आणि दुकान?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"उद्या सकाळी उघडा. उभं राहून काम करा, मधून मधून बसा. फक्त दुसऱ्याच्या बुटांत पाय घालायचा नाही. स्वतःचे बूट घ्या. माप काय तुमचं?"

आता मास्तर खरे अडचणीत आले. गावातल्या प्रत्येक पायाचं माप त्यांना पाठ होतं. स्वतःचं माहीत नव्हतं. बाईंनी तिथेच पाय मोजले. डावा उजव्यापेक्षा थोडा मोठा निघाला. मास्तर आपल्या डाव्या पायाकडे असे बघत राहिले, जसा काही तो आजच जन्माला आला.

वकिलांना दुपारी कोर्टात उभं राहायचं होतं. त्यांनी आपले काळे बूट तिथल्या तिथे पायात घातले, दोन पावलं टाकून बघितली. "उजवा म्हणजे लोणी झालाय, मास्तर. डावा मात्र अजून चावतो."

"डाव्याचं उद्यावर ठेवलं होतं," मास्तर म्हणाले.

"डाव्याचं तुमचं तुम्ही बघा," बाईंनी वकिलांना बजावलं. तेव्हा मास्तर दवाखान्याच्या रबरी सपाता घालून बस थांब्यावर आले, आणि वाटेत भेटलेल्या त्या साठीच्या सडसडीत बाईंनी त्यांच्या पायांकडे बघून, सरावाच्या दिवशी आपण चांगले बूट घालायला हवेत, असा सल्ला दिला. मास्तरांनी तो मान्य केला. त्या दिवशी त्यांनी जगातला कुठलाही सल्ला मान्य केला असता. बस आली, तर त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं, "नस नाही म्हणाल्या." कंडक्टर म्हणाला, "बरं झालं, काका. आत सरका."

मेहुण्याला बातमी कळली तेव्हा तो खरोखर खट्टू झाला. "व्यायामानं बरा होणार? नुसत्या व्यायामानं?" त्याने दोनदा विचारलं. बहिणीने त्याला चहा दिला आणि, "तुझा एकटाच धातूचा राहिला, दादा. घराण्यात तेवढा मान पुरे," असं म्हणून त्याची समजूत घातली. तेव्हा कुठे तो हसला.

दुकानात थोडे बदल झाले. कपाटावरचे लाकडी फर्मे खाली आले आणि चावरे बूट आता त्यांवर चढायला लागले. लाकडाला चावणं कळत नाही हे मास्तरांचं मत कायम होतं, पण लाकडाला गुडघाही नाही, हा नवा मुद्दा त्यांना बायकोने पटवला होता. काम व्हायला वेळ लागायचा. लोक कुरकुरायचे. "मशीन बिघडलं का हो?" "बिघडलं होतं, आता दुरुस्त झालंय," काउंटरवरून उत्तर यायचं. "म्हणूनच बंद ठेवलंय." वकिलांनी खरी गोष्ट कोणाला सांगितली नाही. अशिलाचं गुपित म्हणून त्यांनी ते मनात ठेवलं, असं ते स्वतः गावभर सांगत फिरत होते.

दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा मास्तर, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, काउंटर धरून एका पायावर उभे राहायचे, मग दुसऱ्या पायावर. बाहेरून जाणाऱ्यांना ते विचित्र दिसायचं. पण मास्तरांना आता कोणी काय म्हणेल याची फिकीर नव्हती. स्वतःसाठी त्यांनी स्वतःच बूट शिवले, तपकिरी, रुंद पंजाचे, डावा किंचित मोठा. शिवायला लागले तेव्हा सवयीने तोंडातून निघालं, "कुठं चावतो?" आणि मग त्यांना आठवलं की गिऱ्हाईक आपणच आहोत. ते बूट त्यांनी चार वेळा उसवले. इतकं चिकित्सक गिऱ्हाईक त्यांना जन्मात भेटलं नव्हतं, असं ते म्हणाले.

दवाखान्यात शेवटचं जाणं झालं तेव्हा बाईंनी पट्ट्यावर चालवून बघितलं आणि सांगितलं, "आता येऊ नका." इतके गोड शब्द मास्तरांना बऱ्याच दिवसांत कोणी ऐकवले नव्हते. तरी त्यांचा जीव पुरता भांड्यात पडायला आणखी काही आठवडे गेले. रोज सकाळी उठलं की ते आधी गुडघ्याला विचारत, मग जिना उतरत.

आणि मग एका संध्याकाळी, दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ लागली होती, घासायचं चाक तापलं होतं, एका बुटाच्या टाचेवर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. मास्तर त्यात इतके गढून गेले होते की बायकोने काउंटर आवरलं, दिवे मालवले, फक्त त्यांच्या डोक्यावरचा ठेवला, तेही त्यांना कळलं नाही. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

मास्तरांनी चाकावरून मान वर केली नाही.

"कुठला?" ते म्हणाले.